भोंगा आणि डॉक्टरीणबाईंची तिसरी निवडणूक

शहरात त्याला सगळे भोंगा म्हणत. नाव ऐकून नवख्या माणसाला वाटायचं, हा कुणीतरी आरडाओरडा करणारा, टेबलावर मूठ आपटणारा गडी असणार. समोर यायचा तो एक सडसडीत, चष्मा नाकावर घसरलेला आणि दोन वाक्यांच्या मध्ये भलतीच मोठी जागा सोडून बोलणारा माणूस. सभेत तो कधी व्यासपीठावर दिसला नाही. सगळ्यात मागे, जिथे खुर्च्या संपतात आणि पाय दुखले तर भिंतीला टेकता येतं, तिथे तो उभा असायचा. त्याचं लक्ष भाषण करणाऱ्याकडे नसायचंच. तो ऐकणाऱ्यांच्या माना बघायचा. माना इकडेतिकडे वळायला लागल्या की तो जागच्या जागी पुटपुटायचा, "लांबलं."

नावामागची गोष्ट साधी होती. त्याच्या वडिलांचं लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान होतं. कॉलेज अर्धवट टाकून तो वडिलांच्या गाडीवर बसला. टपावर दोन भोंगे आणि आत हा, माइक धरून. कुठे पाणी बंद राहणार, कुणाचं पोर हरवलंय, कुठल्या दुकानात चपलांचा सेल लागलाय, हे सगळं शहराला ह्याच्या तोंडून कळायचं. निवडणूक लागली की सगळ्याच पक्षांना हीच गाडी हवी असायची. सकाळी एकाला 'आपला हक्काचा माणूस' म्हणायचं, दुपारी त्याच गल्लीत त्याच आवाजात दुसऱ्याला म्हणायचं. बायका खिडकीतून ओरडायच्या, "अरे भोंग्या, एकदा ठरव तरी कोण ते!" आणि तोही माइकवरूनच सांगायचा, "मावशी, ठरवायचं तुम्ही. मी फक्त ओरडायचं."

गल्लीबोळांतून अशी गाडी फिरवता फिरवता त्याला एक गोष्ट कळून चुकली. लोक पहिलं वाक्य ऐकतात आणि दुसऱ्याला खिडकी लावून घेतात. एका निवडणुकीत उभ्या असलेल्या एका कापड दुकानदाराने त्याच्या हातात चांगला दोन पानी मजकूर ठेवला. त्यात विकास होता, प्रगती होती, उज्ज्वल भविष्य होतं, दुकानदाराच्या आजोबांची देशसेवाही होती. भोंग्याने तो वाचला, घडी करून खिशात घातला आणि गाडीतून एवढंच विचारत फिरला, "नळाला गढूळ पाणी आलं तेव्हा तुमच्या दारात कोण आलं होतं?" नाव नाही, पक्ष नाही. दुकानदार लालबुंद होऊन भोंग्याच्या दुकानावर आला, पण भांडायला तोंड उघडायच्या आतच त्याला समजलं की बाजारात सगळे एकमेकांना तेच विचारताहेत. दारात खरोखर हा दुकानदारच आला होता, टँकर घेऊन. तो निवडून आला आणि भोंग्याचा माइक सुटला. पुढच्या निवडणुकीपासून लोक त्याच्याकडे भोंगे भाड्याने मागायला येईनात. काय बोलावं ते विचारायला यायला लागले.

टायरच्या दुकानावरच्या खोलीत त्याने ऑफिस थाटलं. जिन्यापासूनच रबराचा वास नाकात शिरायचा आणि कितीही उदबत्त्या लावा, हटायचा नाही. भिंतीवर शहराचा नकाशा, वॉर्डावॉर्डांत टोचलेल्या रंगीत टाचण्या, एका पायाने लंगडी खुर्ची आणि फोन. पुढे कॉम्प्युटर आले, आकडेमोड करणारी तरतरीत मुलंमुली आली, पण भोंग्याची स्वतःची पद्धत बदलली नाही. तो लॉन्ड्रीत जाऊन बसायचा, सलूनमध्ये आपला नंबर दुसऱ्याला देऊन ताटकळत राहायचा. कुणाला मत देणार, असं तो कुणालाच विचारत नसे. तो विचारायचा, "तुमचे शेजारी कुणाला देतील हो?" त्याचं म्हणणं, माणूस स्वतःबद्दल विचारपूर्वक बोलतो आणि शेजाऱ्याबद्दल खरं.

डॉक्टरीणबाई त्याच्या आयुष्यात आल्या त्या निवडणुकीमुळे नाही. त्याच्या मुलीला लहानपणी दम्याचा त्रास होता आणि शहरात लहान मुलांच्या डॉक्टर म्हणजे त्याच. हात सोन्यासारखा आणि जीभ तिखट. आया त्यांच्याकडे जाताना घाबरायच्या आणि तरी त्यांच्याकडेच जायच्या. मूल टेबलावर ठेवायच्या आधी बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला, "वजन किती?" आईला सांगता आलं नाही की सुरू, "स्वतःचं बरोबर माहीत असतं! पोराचं कोण लक्षात ठेवणार, मी?"

एक दिवस ह्याच बाई टायरच्या दुकानावरचा जिना चढून आल्या, लंगड्या खुर्चीत बसल्या, ती कलंडली तशी उठून दुसरीत बसल्या आणि म्हणाल्या, "मला महापौर व्हायचंय. दवाखान्यात येणारी निम्मी पोरं उघड्या गटारांमुळे आजारी पडतात. औषधं लिहून लिहून माझा हात दुखायला लागलाय. आता तूच सांग, काय करायचं. आधीच सांगून ठेवते, मला लोकांकडे बघून हसता येत नाही."

"मग हसू नका," भोंगा म्हणाला.

"मत कोण देईल?"

भोंग्याने कलंडलेली खुर्ची उचलून सरळ केली. "डॉक्टर, तुम्ही माझ्या मुलीवरून मला तीन वेळा झापलंत. प्रत्येक वेळी घरी जाताना मला बरं वाटलं. तुम्ही लोकांना रागवा. बाकीचं मी बघतो."

तशीच ती निवडणूक झाली. बाकीचे उमेदवार हात जोडून, दात दाखवून फिरत होते आणि बाई दारोदार जाऊन लोकांना खडसावत होत्या. कचरा खाली का टाकलात, पाणी उकळून का पीत नाही, मागच्या वेळी मत द्यायला गेला नाहीत ते का? लोकांना वाटलं, ही आपल्याला रागावते म्हणजे त्या अधिकाऱ्यांचं तर पिट्टाच पाडेल. त्या निवडून आल्या. गटारांवर झाकणं पडली. पुढच्या खेपेला त्या आधीपेक्षा जास्त मतांनी आल्या. भोंग्याला शेजारच्या शहरांतून बोलावणी यायला लागली, बाईंच्या पक्षाचे अध्यक्ष त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घ्यायला लागले. पण घरी बायकोला ठाऊक होतं, नवऱ्याची खरी उमेदवार एकच. त्याची बायको चष्म्याच्या दुकानात काम करायची. डोळे तपासून नंबर काढायची. ती म्हणायची, "बाकीच्यांची तुम्ही कामं करता. डॉक्टरांशी तुम्ही भांडता."

ते खरं होतं. प्रत्येक भाषणावरून दोघांची जुंपायची. बाई मजकूर लिहून आणायच्या, भोंगा त्यातलं अर्ध्याहून जास्त छाटायचा, बाई त्याला खाटीक म्हणायच्या आणि सभेत नेमकं छाटून उरलेलंच भाषण करायच्या. बाईंचे यजमान पदार्थविज्ञानाचे निवृत्त शिक्षक होते. त्यांना सगळे सर म्हणत. ते मधल्यामध्ये चहा ठेवायचे आणि म्हणायचे, "दोन समान बलं विरुद्ध दिशेने लागली की वस्तू जागेवर राहते. तुमचं तसं होऊ नये म्हणजे मिळवली."

तिसऱ्या निवडणुकीचे वारे वाहायला लागले. अर्ज भरायला अजून अवकाश होता, पण सभा सुरू झाल्या होत्या. अशाच एका सभेत, भाजीबाजाराशेजारच्या सभागृहात, बाईंनी गटाराच्या झाकणाची गोष्ट सांगितली. कंत्राटदाराने पातळ झाकणं बसवली, तेव्हा बाई स्वतः एका झाकणावर उभ्या राहिल्या आणि त्याला म्हणाल्या, "ये, तूही शेजारी उभा राहा." तो काही आला नाही. ही गोष्ट नेहमी गाजायची. त्या दिवशीही गाजली. बाई मग शाळांबद्दल बोलल्या, दिव्यांबद्दल बोलल्या, आणि मग त्यांनी पुन्हा तीच गोष्ट सांगायला घेतली. तेच शब्द, तोच हात वर. लोकांना वाटलं, मुद्दाम ठासून सांगताहेत. टाळ्या आधीपेक्षा जोरात पडल्या.

मागच्या भिंतीला टेकलेला भोंगा सरळ उभा राहिला.

त्याने स्वतःची समजूत घातली. वय झालंय, धावपळ आहे, होतं असं. पण त्यानंतर त्याचे डोळे तेच शोधायला लागले आणि शोधलं की सापडत गेलं. बाईंनी समोरच्या उमेदवाराला मागच्या निवडणुकीतल्या उमेदवाराचं नाव घेऊन ठोकलं. रोज ज्याच्याकडून इस्त्रीच्या साड्या यायच्या, त्याच्याकडे त्या परक्यासारख्या बघत राहिल्या. स्वतःच्या घरून बाजाराकडे जाताना गाडीवाल्याला म्हणाल्या, "हा रस्ता नवीन काढला का?" भोंग्याने सरांना आडून विचारलं. सर चष्मा पुसत राहिले. "दमलीये ती," ते म्हणाले. आणि चष्मा स्वच्छ होता तरी पुसतच राहिले.

इथे भोंग्याने काय केलं, ते सांगायला हवं. त्याने आपलं कसब कामाला लावलं. भाषणं एकदम आखूड केली. एका सभेत एकच मुद्दा. गोष्ट पुन्हा सुरू व्हायच्या आत कार्यकर्त्यांनी घोषणा द्यायची, असं ठरवून टाकलं. बाईंच्या हातात मोठ्या अक्षरांची कार्डं दिली, वॉर्डागणिक वेगळ्या रंगाची. दारोदार फिरताना एक गळेपडू कार्यकर्ता पुढे ठेवला, तो लांबूनच ओरडायचा, "काय शिंपीकाका, काय म्हणतेय तब्येत?" म्हणजे बाईंच्या कानावर माणूस कोण ते आधीच पडायचं. आणि भोंगा स्वतः पहिल्यांदाच पहिल्या रांगेत बसायला लागला, बाईंना दिसेल असा. त्या अडखळल्या तर तो ओठांनी पुढचा शब्द सांगायचा.

सगळं इतकं सुरेख जमलं की काही विचारू नका. लोक म्हणायला लागले, बाई ह्या वेळी कशा मोजकं बोलतात, किती शांत झाल्यात. आकडे वर चढले. अध्यक्षांनी फोन करून भोंग्याची पाठ थोपटली आणि प्रांताच्या निवडणुकीची सगळी सूत्रं त्याच्याकडे द्यायचं बोलून टाकलं. आणि भोंग्याला, मनाच्या एका कोपऱ्यात, आनंद व्हायचा. अवघड कुलूप उघडणाऱ्याला होतो तसा. घरी जेवताना त्याने बायकोला कार्डांची युक्ती रंगवून सांगितली. तिने आमटी वाढता वाढता हात थांबवला.

"दुकानात गिऱ्हाइकं येतात," ती म्हणाली, "तक्त्यावरची अक्षरं पाठ करून आलेली. लायसन्स हवं असतं. धडाधड म्हणून दाखवतात. मी काय करायचं, सही करून द्यायची?"

"तसं नाहीये हे."

"मग कसंय?"

तो रागावला, ताटावरून उठला आणि हात धुऊन मुकाट्याने टीव्ही बघत बसला.

त्यानंतरच्याच आठवड्यात ते एका चाळवजा इमारतीत फिरत होते. भरदुपार होती. जिन्यात सायकली, कुंड्या, वाळत घातलेली चादर. दुसऱ्या मजल्यावर एक तरुण बाप तान्ह्या मुलीला घेऊन बाहेर आला. पोर तापाने लाल झाली होती. "डॉक्टर, तुम्ही देवासारख्या आलात बघा. हे औषध घरात आहे, किती देऊ?" बाईंनी बाटली हातात घेतली, पोरीच्या कपाळाला हात लावला आणि ठाम आवाजात सांगितलं, "हा मोठा चमचा भरून दे. दर तासाला. उतरेल." बापाने मान डोलावली. पुढे गेलेला कार्यकर्ता वरच्या मजल्यावरच्या कुणाचं तरी नाव घेऊन ओरडला आणि बाई जिना चढायला लागल्या.

भोंगा जागचा हलला नाही. त्याला औषधातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एवढ्या वर्षांत बाईंनी मुलाचं वजन विचारल्याशिवाय औषध सांगितलेलं त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. आणि मोठा चमचा तर त्यांनी त्याच्या बायकोच्या हातातून हिसकावून खिडकीबाहेर फेकला होता एकदा. त्याने बापाच्या हातातली बाटली जवळजवळ ओढलीच.

"हे आत्ता देऊ नका. एक थेंबही नाही. पोरीला उचला आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जा. आधी वजन करायला सांगा."

"पण डॉक्टर तर म्हणाल्या..."

"डॉक्टरांनीच सांगायला पाठवलंय मला," भोंगा म्हणाला. आणि बाप रिक्षात बसेपर्यंत तो फाटकाशी उभा राहिला. वरून बाईंचा आवाज येत होता. कुणाला तरी कुंडीत साचलेल्या पाण्यावरून झापत होत्या, अगदी जुन्या ढंगात, आणि लोक हसत होते.

पोर बरी झाली. पण भोंग्याला तो चमचा डोळ्यांपुढून हलेना.

तो अध्यक्षांकडे गेला. अध्यक्षांच्या खोलीत एसी इतका गार असायचा की येणारा माणूस आपोआप थोडक्यात बोलायचा. भोंग्याने सगळं सांगितलं. अध्यक्षांना धक्का बसला नाही.

"कल्पना आहे मला," ते म्हणाले. "अरे, महापौर कोण असतो? चेहरा. कामं करायला उपमहापौर आहेत, सेक्रेटरी आहेत. तू तिला तेवढं मतदानापर्यंत ने. नंतर तब्येतीच्या कारणाने बाजूला होईल, मानाने. ऐन वेळी मी दुसरा कोण उभा करू?"

"त्यांना कुणी सांगितलंय का हे?"

"कुणाला?"

"डॉक्टरांना."

अध्यक्ष हसले. "तू रणनीती बघतोस ना? मग तेवढंच बघ."

रविवारी दुपारी भोंगा बाईंच्या जुन्या दवाखान्यात गेला. दवाखाना बंद होऊन वर्षं झाली होती, पण रविवारी जेवणानंतर बाई तिथे जाऊन बसायच्या, फाइली चाळायच्या. तपासायचं टेबल, भिंतीवर हत्ती आणि जिराफाची चित्रं, औषधांच्या कंपन्यांची जुनी कॅलेंडरं. भोंग्याने आयुष्यभर लोकांना पहिलं वाक्य लिहून दिलं होतं. आज त्याला स्वतःला एक सापडेना. शेवटी त्याने जे झालं ते सांगितलं. सभेतली गोष्ट, इस्त्रीवाला, रस्ता, आणि मग तापलेली पोर.

बाई ऐकत होत्या. चमच्याचं आलं तेव्हा त्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

"मी असं सांगितलंच नाही."

"डॉक्टर, मी तिथेच होतो."

"तू खोटं बोलतोयस. कुणी पाठवलं तुला? अध्यक्षाने? त्याला तो उपमहापौर बसवायचाय माझ्या जागी, मला काय कळत नाही?" त्या उठल्या, टेबलाचा आधार घेऊन उभ्या राहिल्या. "पंचवीस वर्षं मी ह्या शहरातली पोरं जगवली. आणि तू, लाऊडस्पीकरवाला, मला औषध शिकवतोस? चालता हो."

"डॉक्टर..."

"चालता हो म्हटलं ना!"

तो गेला. संध्याकाळी पक्षाकडून निरोप आला की प्रचाराचं काम आता ऑफिसमधली मुलं बघतील, त्याने विश्रांती घ्यावी.

पुढचे दिवस भोंग्याला फार जड गेले. त्याला वाटलं होतं, आपण नसलो की डोलारा कोसळेल. काही कोसळलं नाही. त्याचीच कार्डं, त्याचाच गळेपडू कार्यकर्ता, त्याच्याच घोषणा. पहिल्या रांगेत आता त्याच्या ऑफिसातली एक हुशार मुलगी बसून ओठ हलवायची. यंत्र त्याने इतकं चोख बांधलं होतं की त्या यंत्राला भोंग्याची गरजच उरली नव्हती. वर्तमानपत्राला एक फोन केला असता तर सगळं एका दिवसात थांबलं असतं. दोनदा त्याने फोन हातात घेतला. पण बाईंचं दुखणं चौकाचौकात चघळलं जाणार, हे त्याच्याच्याने बघवलं नसतं. तो घरात बसून राहिला. बायको दुपारी दुकानातून जेवायला घरी यायला लागली, एरवी ती डबा न्यायची.

आणि एका दुपारी ती एकटी आली नाही. मागे सर होते. चष्म्याचा नंबर काढायला म्हणून ते तिच्या दुकानात गेले होते, खुर्चीवर बसले, आणि तक्त्याकडे बघता बघता त्यांना रडूच कोसळलं होतं.

सर सोफ्याच्या कडेला बसले. "तू गेलास त्या दिवसापासून ती माझ्याशी धड बोलली नाही. मग परवा स्वतःच उठली, त्या पोरीचं घर शोधत गेली. बापाला विचारलं, मी काय सांगितलं होतं? त्याने बिचाऱ्याने कौतुकाने सगळं सांगितलं. म्हणाला, डॉक्टर, बरं झालं तुम्ही लगेच माणूस पाठवलात." सरांनी चष्मा काढून हातात धरला. "घरी येऊन म्हणाली, मला तपासून घ्यायचंय. काल जाऊन आलो आम्ही. तिला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं होतं. सगळे आकडे तिने एकाच बाजूला काढले. मी बघत होतो. मला आधीच माहीत होतं रे. मी मुलांना आयुष्यभर सांगत आलो, निरीक्षण करा, जे दिसतं तेच लिहा. आणि घरात मला दिसत होतं ते..." त्यांनी वाक्य तसंच सोडलं. मग म्हणाले, "तुला बोलावलंय तिने."

बाई पुन्हा दवाखान्यातच होत्या. भोंगा दारात उभा राहिला. त्यांनी मान वर केली आणि नेहमीच्याच सुरात म्हणाल्या, "उशीर केलास."

"आत्ताच सांगितलं सरांनी."

"आजचं नाही म्हणत मी. पहिल्या दिवशी दिसलं तुला, त्याच दिवशी सांगायचंस. कार्डं कसली देतोस? मी तुझी डॉक्टर आहे. तुझ्या पोरीला काय झालंय हे मी तुझ्यापासून कधी लपवलं?"

"नाही."

"मग?"

"मला जिंकायचं होतं," भोंगा म्हणाला. "आणि खरं सांगायचं तर भीती वाटली. तुमच्याशिवाय मी भांडणार कुणाशी?"

बाईंनी समोरची फाइल मिटून बाजूला सारली. मग म्हणाल्या, "मी उभी राहत नाहीये. हे मीच सांगणार. अध्यक्ष नाही, सर नाही आणि कुणाचं पत्रकबित्रक तर मुळीच नाही. मी सांगते, तू लिही. आणि छाट."

ती दुपार आणि त्यानंतरची एक दुपार त्यात गेली. बाई सांगायच्या, मध्येच हरवायच्या, पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या, आणि भोंगा प्रत्येक वेळी नव्याने ऐकल्यासारखा ऐकायचा. एका शब्दावरून त्यांचं कडाक्याचं भांडणही झालं. भोंग्याला 'प्रकृती' हवं होतं. बाई म्हणाल्या, "प्रकृती काय, सर्दीलाही म्हणतात. 'मेंदू' लिही."

सभा भाजीबाजाराशेजारच्या त्याच सभागृहात झाली. अध्यक्षांना वाटत होतं, नेहमीचीच प्रचारसभा आहे. बाई उभ्या राहिल्या, हातात एक कागद होता.

"मी निवडणूक लढवणार नाही," त्या म्हणाल्या. "माझा मेंदू आजारी आहे. मी विसरायला लागलेय. कालपरवा एका लेकराला मी चुकीचं औषध सांगितलं. ते वाचलं, कारण शेजारी एक माणूस जागा होता. तुमच्या शहरालाही मी असंच काहीतरी सांगेन आणि तुम्ही माना डोलवाल, कारण डॉक्टर म्हणाल्या. तेव्हा मत देताना मान डोलवू नका, प्रश्न विचारा. आणखी एक. घरात कुणी विसरायला लागलं तर 'दमलाय' म्हणू नका. तपासायला न्या. एवढंच. आता घरी जा, आणि जाताना खुर्च्या सरळ लावा."

एकही खुर्ची हलली नाही. मग मधल्या रांगेतून एका म्हातारीचा आवाज आला, "अगो बाई, मग आता माझ्या गुडघ्याचं कुणाला विचारू?"

"मी लहान मुलांची डॉक्टर आहे," बाई म्हणाल्या. "तुला तेव्हाही सांगितलं होतं."

लोक हसले, आणि हसता हसता कित्येकांनी डोळे पुसले. पहिल्या रांगेत बसलेल्या अध्यक्षांनी मान वळवून भोंग्याला शोधलं. तो मागच्या भिंतीशी उभा होता. त्यांची नजरानजर झाली आणि प्रांताची निवडणूक त्याच्या हातून गेली, हे भोंग्याला तिथेच कळलं.

पक्षाने उपमहापौरांना उभं केलं, ते पडले. दुसऱ्या पक्षाचा माणूस महापौर झाला. बरा निघाला, फार ग्रेट नाही. खापर भोंग्यावर फुटलं. स्वतःचाच उमेदवार घरी बसवणारा माणूस म्हणून तो ओळखला जाऊ लागला. टायरच्या दुकानावरची खोली सोडावी लागली, मुलंमुली पांगली, आणि ओठ हलवणारी हुशार मुलगी अध्यक्षांकडे गेली. भोंग्याने तिला दोष दिला नाही. ती शिकली होती त्याच्याकडेच. काही वर्षं त्याने दूधसंस्थेच्या, शिक्षक संघटनेच्या, सोसायट्यांच्या निवडणुका केल्या. एका सोसायटीत तर दोन सख्खे साडू एकमेकांविरुद्ध उभे होते आणि दोघंही सल्ला मागायला त्याच्याकडेच आले. त्याने दोघांना एकाच वेळी घरी बोलावलं, चहा दिला आणि बायकोला बरोबर घेऊन फिरायला निघून गेला. परत आला तेव्हा एकाने माघार घेतली होती.

हळूहळू मोठी कामंही पुन्हा यायला लागली, पण आता त्याची एक अट असायची. काम घ्यायच्या आधी उमेदवाराबरोबर एकांतात बसायचं. अध्यक्ष नाही, भाऊ नाही, सेक्रेटरी नाही. तो विचारायचा, "तुमच्याबद्दलचं असं काय आहे, जे तुमच्या जवळच्यांना दिसतंय आणि कुणी बोलत नाहीये?" काही उमेदवार तिथूनच उठून जायचे. जे बसून राहायचे, त्यांचं काम तो घ्यायचा. त्यांतले सगळेच निवडून आले असं नाही. निम्म्याहून जास्त पडलेच. बायको विचारायची, वाईट वाटतं का. तो म्हणायचा, "वाटतं. पण झोप लागते."

गुरुवारी तो बाईंकडे जायचा. सुरुवातीला त्या त्याला ओळखायच्या, वर्तमानपत्र पुढे टाकून म्हणायच्या, वाच आणि छाट. मग कधी ओळखायच्या, कधी नाही. सरांनी घरातल्या प्रत्येक खोलीत वस्तूंची नावं लिहून लावली होती आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशालाही एक चिठ्ठी टाचली होती: 'नवरा'. बाई ती वाचायच्या आणि म्हणायच्या, "असं कसं मानू? पुरावा काय?" सर सांगायचे, "पुरावा नाही, निरीक्षण आहे," आणि त्यांच्या केसांतून कंगवा फिरवायचे.

एकदा भोंगा गेला तेव्हा बाई गॅलरीत ऊन खात बसल्या होत्या. त्याने नमस्कार केला. बाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"कुठल्या पक्षाचे तुम्ही?"

"कुठल्याच नाही, डॉक्टर. सहज भेटायला आलोय."

"मतं मागायला येणारा प्रत्येक जण असंच म्हणतो," बाई म्हणाल्या आणि शेजारच्या खुर्चीवरची उशी उचलून त्याला बसायला जागा करून दिली.

भोंगा बसला. आत सरांनी चहाचं आधण ठेवलं होतं. खाली रस्त्यावर शाळा सुटली होती, मुलं कलकलाट करत चालली होती, आणि बाई कठड्यावरून वाकून एकेकाला बघत होत्या, कुणाला खोकला आहे का ते.